काटा केला का?

अमेरिकेत येऊन मला अठरा वर्षं झाली. ग्रीन कार्ड झालं, घराचं कर्ज झालं, पाठदुखी झाली. पण गाडीच्या मागे काहीतरी बांधून नेल्याशिवाय माणूस खरा इथला होत नाही, हे फार उशिरा लक्षात आलं. सॅन होजेच्या आमच्या गल्लीत सात घरं आहेत. त्यातल्या पाचांच्या दारात दोन चाकांवरचं काहीतरी उभं असतं. कुणाची बोट, कुणाचा मोटारसायकली ठेवायचा बंद डबा, कुणाचं चाकांवरचं अख्खं घर. शुक्रवारी संध्याकाळी ही मंडळी ते मागे अडकवतात आणि हात हलवत निघून जातात. आमच्या गाडीमागे इतक्या वर्षांत एकच गोष्ट लागली होती, मुलाच्या शाळेचं स्टिकर.

तशी आमची गाडी लेचीपेची नाही. तीन रांगांची एसयूव्ही आहे. इथं तिला ‘मिडसाइझ’ म्हणतात. ही मधली गाडी आमच्या गावच्या बोळात घालायची तर आधी बोळ रिकामा करून घ्यावा लागेल. घेताना शोरूममधल्या विक्रेत्यानं तिच्या बॉनेटवर थाप मारली, जनावरांच्या बाजारात बैलाच्या पाठीवर मारतात तशी, आणि म्हणाला, "पाच हजार पौंड ओढते. दिवसभर ओढते." पाच हजार पौंड म्हणजे सव्वादोन टनांहून जास्त, हे मी तिथंच फोनवर काढलं आणि मागेपुढे न बघता सही केली. पुढची तीन वर्षं मी काहीच ओढलं नाही. पण ओढू शकतो, या भावनेवर मजेत जगलो.

मग अण्णा आणि आई सहा महिन्यांसाठी आले. विमानतळावरून घरी येताना अण्णांनी गाडीच्या छताकडं, काचांकडं, सहा कप ठेवायच्या खळग्यांकडं बघून घेतलं आणि विचारलं, "वडती किती ही?"

"सव्वादोन टन," मी शक्य तेवढ्या सहज आवाजात सांगितलं.

अण्णांनी मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. "म्हंजे एक टायरगाडी," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

२८० अश्वशक्तीची गाडी, अजून हप्ते चालू असलेली, आणि तिचा हिशेब दोन बैलांत झाला. बरं, त्यांना उलट बोलायचीही सोय नव्हती. अण्णा एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. भरल्या गाडीचं वजन लिहायचं, मोळ्या खाली झाल्या की रिकाम्या गाडीचं वजन लिहायचं, वजाबाकी करायची, पावती फाडायची. ज्या माणसानं आयुष्यभर फक्त वजाबाकी केली, त्याच्यापुढं बढाई टिकत नाही.

त्याच वर्षी आमच्या ढोल-ताशा पथकाला लॉस एंजेलिसकडच्या मंडळाचं मिरवणुकीचं बोलावणं आलं. चोवीस ढोल, आठ ताशे, ध्वजाच्या काठ्या, दोन मोठे स्पीकर आणि स्टेजवर मखराखाली ठेवायच्या प्लायवुडच्या चार जड चौथऱ्या. हे सगळं तीनशे चाळीस मैल न्यायचं कसं, अशी चर्चा चालली होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "माझी गाडी पाच हजार पौंड ओढते." त्या बैठकीत मला जेवढी किंमत मिळाली तेवढी ढोल वाजवून चार वर्षांत मिळाली नव्हती. पथकातल्याच एकाकडे मोटारसायकली नेण्याचा बंद ट्रेलर होता, मधोमध एकच कणा आणि दोन चाकं असलेला. तो ठरला.

शेजारी बोटवाल्यानं जोडणी शिकवली. गाडीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, त्यावर ट्रेलरच्या दांडीची वाटी बसते. एवढंच. पण गोळे तीन मापांचे. एक पूर्णांक सात अष्टमांश इंच, दोन इंच आणि दोन पूर्णांक पाच षोडशांश इंच. मेट्रिक पद्धत नाकारणाऱ्या देशाला ही शिक्षा हवीच होती. दोन इंचांच्या वाटीत सर्वांत लहान गोळाही बसतो, खटका पडतो, सगळं जागच्या जागी दिसतं. मग पहिल्या खड्ड्याला ट्रेलर स्वतंत्र प्रवासाला निघतो. दुसऱ्या कुकरचं झाकण आपल्या कुकरला बसल्यासारखं वाटावं, तसला हा प्रकार. दांडीखालून दोन साखळ्या येतात, त्या सरळ न लावता फुली मारून लावायच्या. वाटी सुटलीच तर दांडी रस्त्यात न रुतता त्या फुलीच्या झोळीत पडते. ट्रेलरच्या ब्रेकसाठी त्यानं आमच्या डॅशबोर्डखाली एक चपटी डबी बसवून दिली आणि तिच्यावरची छोटी पट्टी दाखवून म्हणाला, "ही विसरू नकोस." मी लगेच विसरलो.

शुक्रवारी रात्री पथकाची पोरं सामान भरायला आली. भरण्यामागं विचार होता, हे मी मान्य केलंच पाहिजे. तिथं पोचल्यावर सर्वांत आधी काय लागणार? चौथऱ्या आणि स्पीकर. मग ते दाराशी, म्हणजे सगळ्यात मागं. ढोल शेवटी लागणार, ते पुढं. प्रवासात जेवणाचा डबा बॅगेत वर ठेवतात त्याच तत्त्वावर ट्रेलरमधलं जग रचलं गेलं. अण्णा अंगणात हात पाठीमागं बांधून उभे होते.

"काटा केला का?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, पाच हजार ओढते ही."

"ते इचारलं न्हाई मी. काटा केला का?"

पोरं हसली. मीही हसलो.

सकाळी निघालो. पुढं मी आणि बायको, मधे अण्णा-आई, मागच्या रांगेत मुलगा. त्याच्या पाठीमागं नारळाचं पोतं, तांदूळ, गूळ आणि आईनं ‘असू दे’ म्हणून घेतलेल्या आणखी सहा गोष्टी. पथकातली काही मंडळी एका मिनीव्हॅनमध्ये आमच्या मागून येत होती. गिलरॉय लागलं. हे गाव लसणासाठी प्रसिद्ध आहे आणि ते पाटी वाचायच्या आधी नाकाला कळतं. आईनं डोळे मिटून "चटणी" एवढंच म्हटलं. तिथून १५२ नंबरच्या रस्त्यानं पाचेको पास चढायचा, पलीकडं सान लुइस जलाशयाच्या कडेनं उतरायचं आणि पाच नंबरच्या महामार्गाला लागायचं.

घाट फार उंच नाही, १३६८ फूट. पण त्याच्या आसपास पवनचक्क्या आहेत. लोक काही हौसेनं पवनचक्क्या उभ्या करत नाहीत, तिथं वारा असतो, हे मला इंजिनियर असून सुचलं नाही. वर पोचलो तेव्हा मी खुशीत होतो. मागं काही आहे असं वाटतच नव्हतं. गाडी हलकी, मोकळी धावत होती. उतार लागला तसा काटा पासष्टवर गेला.

आधी आरशात ट्रेलर जरासा डावीकडं सरकलेला दिसला. मग उजवीकडं. लहान मूल बाजारात आईचा पदर धरून इकडंतिकडं ओढतं, तेवढंच. मी स्टिअरिंग थोडं फिरवून त्याला जागेवर आणायला गेलो आणि ते मूल एकदम दारुडं झालं. आता ट्रेलर डावीकडं जाताना आमची गाडी मागून उजवीकडं ढकलत होता. एकशेवीस इंचांचा व्हीलबेस, चारही चाकांना ताकद, स्थिरतेसाठी कसलेकसले कॉम्प्युटर, आणि गाडी कोण चालवतंय तर मागचा लाकूड भरलेला डबा. मागं चोवीस ढोल आपापल्या तालात वाजायला लागले. बायको म्हणाली, "ब्रेक लाव!" मी लावणार होतो. पण भीतीनं माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला गेला तो हवेतच राहिला, ब्रेकवर पडायची त्याची हिंमत होईना. हातही चाकावर गोठले.

आणि नेमकं हेच बरोबर होतं. ट्रेलर झुलायला लागला की गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. दाबला तर पुढची गाडी थांबायला बघते आणि मागचा डबा तिला आडवं करून पुढं यायला बघतो. स्टिअरिंगनं त्याच्याशी भांडायचंही नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, चाक सरळ धरायचं आणि डॅशबोर्डखालची ती विसरलेली पट्टी दाबायची. तिनं फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि मागून कुणीतरी ओढून धरल्यासारखा तो सरळ होतो. पट्टी मला आठवली नाही. पहिल्या दोन गोष्टी निव्वळ घाबरटपणामुळे जमल्या. वेग पन्नासच्या खाली आला तशी झुलणी आपोआप मेली. गाडी कडेला घेतली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मागून मुलानं विचारलं, "पुन्हा करणार?"

अण्णा उतरले. ट्रेलरला एक फेरी मारली, दांडीपाशी खाली वाकून बघितलं, दोन्ही हातांनी ती जरा वर उचलून बघितली. उचलली गेली नाही, पण आमच्या गाडीची मागची बाजू तिच्याबरोबर वर यायला तयार दिसली.

"उलाळ झालीया," अण्णा म्हणाले.

मुलाला हा शब्द कळला नाही आणि मला तीस वर्षांनी आठवला. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त वजन पडलं की पुढचं जू वर उचलायला लागतं, बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळले जातात, त्यांच्या पायांचा जोर जमिनीवर पडत नाही. ती गाडी उलाळ. वजन सगळं पुढं घातलं तरी वाईट, मग जू मानेवर बसतं आणि बैल गुडघ्यावर येतात. म्हणून माझे आजोबा गाडी भरताना अधूनमधून उतरून जू हातानं उचलून बघायचे. अगदी हलकं नको, अगदी जड नको. आजोबा चौथीपर्यंत शिकले होते. मी इंजिनियरिंगची पदवी घेऊन, वर अमेरिकेत मास्टर्स करून, एवढं केलं नव्हतं.

इथल्या भाषेत त्याला ‘टंग वेट’ म्हणतात, दांडीनं गाडीच्या मागच्या गोळ्यावर टाकलेला भार. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हा भार हवा. कमी असला की चाकांच्या मागचं वजन शेपटीसारखं वागतं. हळू चालताना ते गुमान येतं, ठरावीक वेगापुढं मात्र एक हेलकावा दुसऱ्याला मोठा करत जातो. वर गाडीची मागची चाकं उचलल्यासारखी होऊन रस्त्यावरची पकड सोडतात. घाटमाथ्यावर मला गाडी हलकी, मोकळी वाटत होती ती का, हे आता कळलं. भार फार जास्त झाला तर उलट. गाडी मागं बसते, हेडलाइट रस्ता सोडून आभाळ दाखवायला लागतात, पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग नुसतं नावाला उरतं. आमच्याकडं गळीत हंगामात डबल ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर चढावर पुढची दोन्ही चाकं हवेत घेऊन गाणी लावून जातो, तो हाच दोष, फक्त तिकडं त्याला कौशल्य म्हणतात.

"आता तरी काटा करायचा?" अण्णांनी विचारलं.

सान्ता नेलाजवळ महामार्गाला लागल्यावर ट्रकवाल्यांचा मोठा तळ आहे आणि तिथं ‘कॅट स्केल’चा काटा आहे. आयोवातल्या एका मोठ्या ट्रकतळावरून १९७७ साली ही कंपनी निघाली. आता ट्रकतळ म्हटला की बहुतेक ठिकाणी तिची पिवळी-काळी पाटी असते. अठरा वर्षं मी या पाटीच्या बाजूनं कॉफी प्यायला गेलो, कधी वर बघितलं नव्हतं. अण्णांना ती अर्ध्या मैलावरून दिसली. ते सीटवर पुढं सरकून बसले. निवृत्त झाल्यापासून मी त्यांना इतकं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं.

जमिनीत लोखंडी पट्ट्या, त्यांचे तीन वेगळे भाग. गाडीची पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. प्रत्येकाचं वजन वेगळं येतं. बोलायचं बटण ट्रकवाल्याच्या उंचीला, म्हणून मला उतरून टाचा उंचावून ते दाबावं लागलं. आतून आवाज आला, "पहिला काटा की दुसरा?" पहिला. "ट्रक नंबर?" ट्रक नाही. "बरं. कंपनी?" मी गोंधळलो. तोंडातून निघालं, "गणपती." पावतीवर कंपनीचं नाव तसंच छापून आलं. ती पावती अजून अण्णांच्या पाकिटात आहे.

भिंतीवर पाटी होती. आमच्या काट्यावर वजन बरोबर दाखवलं आणि तरीही पुढं जादा वजनाचा दंड झाला, तर तो आम्ही भरू किंवा तुमच्या बाजूनं कोर्टात उभं राहू, अशा अर्थाची. मी ती अण्णांना मराठीत सांगितली. त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावली. काटामारी हा शब्द ज्या प्रदेशात शेतकऱ्याला अक्षरओळखीच्या आधी येतो, तिथल्या माणसाला ही पाटी म्हणजे देवळात देवानंच लेखी हमी दिल्यासारखी. "काट्यावर माणूस कुठं बसतो?" त्यांनी विचारलं. आत दुकानात, म्हटलं. "मग बाहेर बघतो कोण?" कुणी नाही. ते बराच वेळ त्या रिकाम्या काट्याकडं बघत उभे राहिले.

पहिल्या पावतीत आमच्या गाडीच्या दोन्ही कण्यांचं मिळून ५४४० पौंड आणि ट्रेलरच्या कण्यावर २४४० पौंड आले. दांडीवर किती हे कळायचं तर ट्रेलर बाजूला सोडून नुसत्या गाडीचं वजन करायला हवं. ट्रेलर सोडताना त्याच्या दांडीखाली फिरकीचा एक पाय उतरवतात. बैलगाडीच्या जुवाखाली टेकण म्हणून लाकडी दांडका लावतात, त्याला आमच्याकडं शिपाई म्हणतात. "शिपाई लाव," अण्णा म्हणाले आणि मुलानं काहीही न विचारता बरोबर तोच पाय उतरवला. गाडी पुन्हा काट्यावर घेतली, तेवढ्यात अण्णा ओरडले, "थांब! तुझी आई कुठाय?" आई स्वच्छतागृहात गेली होती. ती येईपर्यंत अण्णांनी काटा होऊ दिला नाही. भरल्या गाडीच्या वेळी दोन माणसं आत बसवायची आणि रिकाम्या गाडीच्या वेळी उतरवायची, तेवढाच ऊस वाढतो, हा प्रयोग एकतीस वर्षं त्यांच्या डोळ्यांदेखत झालेला. "काट्यावर माणूस कमी करायचा न्हाई," ते म्हणाले. घाईघाईनं गाडीत चढणाऱ्या आईनं, आपल्याला लग्नानंतर पहिल्यांदाच इतकं महत्त्व मिळालं, असं मत नोंदवलं.

नुसती गाडी ५३८०. अण्णांनी वजाबाकी बोटांवर न मोजता केली. "साठ. जुवावर फकस्त साठ पौंड." ट्रेलर एकूण २५०० पौंडांचा. दांडीवर किमान अडीचशे हवे होते. हिशेबानं अडीच टक्केसुद्धा भरत नव्हते.

मिनीव्हॅनमधली पोरं उतरली. काल रात्री हसलेली हीच. त्यांनी दार उघडून चौथऱ्या आणि स्पीकर बाहेर काढले, चाकांच्या जरा पुढं, खाली तळाला ठेवून पट्ट्यांनी आवळले आणि ढोल मागं रचले. पुन्हा जोडणी, पुन्हा फुली, पुन्हा काटा. आता गाडी ५६४०, ट्रेलरचा कणा २२४०. दांडीवर २६०. अण्णांनी मान हलवली. मला वाटलं, सुटलो.

मग बायकोनं ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं-पांढरं स्टिकर वाचलं. गेली तीन वर्षं ते दार मी दिवसातून चार वेळा उघडत होतो. त्यावर लिहिलं होतं की बसणारी माणसं आणि सामान मिळून १३०० पौंडांच्या वर जाता कामा नये. ट्रेलरनं दांडीतून टाकलेला भार याच तेराशेत धरायचा, हे तिनं मॅन्युअलमधून काढलं. मॅन्युअल त्या दिवशी पहिल्यांदा प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर आलं. आमची पाच माणसं ७८० पौंड. मी एकटाच त्यात दीड माणूस आहे. मागच्या गोळ्याचं लोखंड, नारळ, तांदूळ आणि ‘असू दे’ मिळून ३००. उरले २२०. दांडीवर दहा टक्के धरले, तर आमची गाडी त्या क्षणी बावीसशे पौंडांचा ट्रेलर ओढू शकत होती. पाच हजारांचे बावीसशे. माझी तीन वर्षांची श्रीमंती एका स्टिकरवर निम्म्याच्या खाली आली.

मग तो पाच हजारांचा आकडा येतो कुठून? तो खोटा नसतो, एवढं सांगतो. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या मनानं आकडा सांगायची. २००८ मध्ये इथल्या अभियंत्यांच्या संघटनेनं ‘जे २८०७’ नावाचं मानक काढलं. अ‍ॅरिझोनात डेव्हिस डॅमजवळ ६८ नंबरच्या रस्त्याला मोठा चढ आहे. तो प्रमाण मानून, ३८ अंशांच्या उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून गाडीनं ठरलेला बोजा ताशी चाळीस मैलांच्या खाली न येता वर न्यायचा. उतारावर ब्रेक, सुरुवातीचा वेग, झुलणं, सगळं तपासतात. परीक्षा कडकच आहे. फक्त परीक्षेला बसताना गाडीत ड्रायव्हर आणि सोबती अशी दोनच माणसं धरलेली असतात, प्रत्येकी १५० पौंडांची. म्हणजे ६८ किलोंचं नवरा-बायकोचं जोडपं, मूल नाही, आईवडील आलेले नाहीत, नारळाचं पोतं नाही. असं मराठी कुटुंब मी गणेशोत्सवात बघितलेलं नाही.

शिवाय एकाच नावाच्या गाडीचेही आकडे वेगळे असतात. टोयोटाची हायलँडर पेट्रोल इंजिनात ५००० ओढते, हायब्रिडमध्ये ३५००. होंडाची पायलट चारही चाकांना ताकद देणारी घेतली तर ५०००, दोन चाकांची घेतली तर ३५००. गल्लीत ‘आमच्याकडं पण तीच आहे’ म्हणणाऱ्यानं दार उघडून दाखवावं.

"चाळीस पौंड जास्त," अण्णा म्हणाले.

"चाळीस पौंडांनी काय होतंय अण्णा?"

त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. हे वाक्य त्यांनी किती ट्रॅक्टरवाल्यांच्या तोंडून ऐकलं असेल, कोण जाणे.

आणि मग आम्ही ते केलं, ज्यात आपल्या लोकांचा हात धरणारा जगात कुणी नाही. विमानतळावर तेवीस किलोंच्या बॅगा जमिनीवर उघडून एकीतली बाकरवडी दुसरीत घालणारी जमात आहे ही. ट्रकवाले कॉफी पीत बघत होते आणि आईनं गाडीचं मागचं दार उघडून कारभार हातात घेतला. तांदूळ मिनीव्हॅनमध्ये. गूळ मिनीव्हॅनमध्ये. निम्मे नारळ तिकडं, निम्मे इकडं. मुलगा स्वतःहून म्हणाला, "मी पण तिकडं जातो, वजन कमी होईल." मिनीव्हॅनमध्ये पोरं आणि वेफर होते, पण त्याची त्यागबुद्धी सर्वांनी मान्य केली. चाकांतली हवा बघितली. ट्रेलरचे टायर वेगळ्या जातीचे असतात आणि त्यातल्या बऱ्याच टायरांची मर्यादाच ताशी पासष्ट मैल असते, हे तिथं एका ट्रकवाल्यानं न विचारता सांगितलं. त्यानंच, कॅलिफोर्नियात मागं ट्रेलर असेल तर कायद्यानं पंचावन्नच्या वर जाता येत नाही, हेही सांगितलं. मी घाटात पासष्टनं आलो, हे त्याला सांगितलं नाही. अण्णांनी सांगायचा प्रयत्न केला, पण सुदैवानं मराठीत.

पुढचे अडीचशे मैल उजव्या लेनमधून पंचावन्ननं. शेजारून सत्तरची परवानगी असलेल्या गाड्या ऐंशीनं जात होत्या. दोन कंटेनर ओढणारे ट्रक आम्हाला मागं टाकत होते. एका पिकअपमधल्या कुत्र्यानं आमच्याकडं दयेनं बघितलं. कोलिंगाच्या आसपास हजारो गुरांच्या गोठ्यांचा वास आला. आईनं नाकाला पदर लावला, अण्णांनी काच खाली केली.

खोरं संपतं तिथं ग्रेपव्हाइनचा चढ सुरू होतो, तेहोन पासपर्यंत चार हजार फुटांच्या वर. पायथ्याशी पाटी आहे, इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा. बाहेर सदतीस अंश. परीक्षेत एसी पूर्ण चालू ठेवून पास झालेली माझी गाडी प्रत्यक्ष घाटात एसी बंद करून चढत होती. मी गिअर खाली घेतला. उतरतानाही तोच गिअर ठेवायचा, ब्रेकवर पाय दाबून बसायचं नाही, अधूनमधून दाबून सोडायचं, हे मला आता कुणी सांगावं लागलं नाही. चारही काचा उघड्या, घामानं डबडबलेले आम्ही चौघं, आणि मागं ट्रेलर एखाद्या शहाण्या रेड्यासारखा सरळ रेषेत येत होता. अण्णांना उतारावर झोप लागली. याहून मोठं प्रशस्तिपत्र त्यांनी मला शाळेतही दिलं नव्हतं.

शाळेच्या मैदानात पोचलो तेव्हा तिथलं मंडळ वाट बघत होतं. ट्रेलर मागं घालून स्टेजच्या दारापाशी लावायचा होता. ट्रेलर मागं घेताना स्टिअरिंग खालच्या बाजूनं धरायचं आणि त्याची शेपूट जिकडं हवी तिकडं हात न्यायचा, ही बोटवाल्याची शिकवण मला आठवत होती. पण माझ्या चारही बाजूंना अकरा मराठी पुरुष उभे राहिले आणि सगळे एकदम "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" म्हणायला लागले. त्यात दोघं "डावीकडं" म्हणत होते, ते समोरासमोर उभे होते. चौथ्या खेपेला जमलं. ट्रेलर सोडला. मुलानं शिपाई लावला. मी गाडी लांब नेऊन लावली आणि तीनशे चाळीस मैलांत पहिल्यांदा पाठ सरळ केली.

मंडळातल्या उत्साही लोकांना आधी चौथऱ्या हव्या होत्या. ट्रेलरला पुढच्या अंगाला एक छोटं दार होतं. त्यांनी ते उघडलं आणि पुढचं सगळं जड सामान, चौथऱ्या, स्पीकर, हातोहात काढून नेलं. मागं चोवीस ढोल. ते काढायला तीन धट्टीकट्टी मंडळी मागच्या दारातून एकदम वर चढली.

अण्णा झाडाखाली खुर्चीवर बसले होते. बशीत लाडू होता. त्यांनी एकदा ट्रेलरकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि बशी खाली ठेवली. मी धावलो, पण पोचलो नाही. दांडी शिपायासकट हळूच वर उठली, आभाळाकडं गेली, मागची बाजू डांबरावर टेकली, तिघंही जण घसरून मैदानात बसले, आणि त्यांच्या मागून चोवीस ढोल एकामागून एक घरंगळत, एकमेकांवर आपटत बाहेर आले. पलीकडं मांडवात बसलेल्या लोकांना वाटलं, पथक आलं. ते टाळ्या वाजवत उठले.